सीजे-३बीसाठी गिअरबॉक्स: सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

७ जानेवारी

गाडी महिंद्रा सीजे-३बी जीप, व्हीलबेस ८० इंच, पासिंग एमएच १३. मूळचं पेट्रोल इंजिन आधीच्या मालकानेच काढलं होतं. त्या जागी एक्सडीपी ४.९० डिझेल आहे आणि आरसीवर तशी नोंद आहे. ४.९० म्हणजे चार सिलिंडर, ९० मिमी बोअर, एकूण २११२ सीसी. गिअरबॉक्स मात्र जुनाच, टी-९०, तीन गिअरचा. त्याच्या मागे डाना १८ ट्रान्स्फर केस, म्हणजे ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी.

तक्रार अशी की उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की दुसरा गिअर निसटतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी पळते. मागे पोती भरलेली असताना हे झालं तर फक्त ड्रम ब्रेकवर भिस्त उरते. शेत नान्नजच्या पुढे आहे, काळी जमीन, पावसाळ्यात बांधापर्यंत चिखल. गाडी रोजच्या कामाची आहे, त्यामुळे हा विषय पुढे ढकलता येणार नाही.

दुसरा निसटला म्हणजे बॉक्स गेला, असं लगेच धरायचं नाही. आधी बाहेरच्या गोष्टी पाहिल्या: बेल हाऊसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट, क्रॉसमेंबरवरचं (चेसिसच्या आडव्या पट्टीवरचं) रबर माउंटिंग, लिव्हरचा प्ले. सगळं घट्ट. मग वरचं कव्हर खोललं. दुसऱ्या गिअरच्या सिंक्रो रिंगच्या (गिअर टाकताना दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगच्या) आतल्या रेघा गुळगुळीत झाल्यात, स्लीव्हच्या दातांची टोकं गोल झालीत. पहिल्या गिअरचे दाते पुढच्या बाजूने अर्धे खाल्लेले, कारण टी-९०च्या पहिल्या गिअरला मुळात सिंक्रो नाही आणि गाडी चालती असताना कोणीतरी वर्षानुवर्षं तो तसाच कोंबला आहे.

इथपर्यंत सगळं पार्ट टाकून सुटणारं होतं. पण काउंटर शाफ्ट हाताने वरखाली करून पाहिला तर तो केसमध्येच हलतो. केसचं भोक लांबट झालंय. चाचांनी बॅटरी धरून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, आता यात पैसा घालू नको. घर पडलंय, आत सामान नवं आणून काय उपयोग."

चाचा म्हणजे आमचे मेस्त्री. जुन्या जीपवर त्यांचं आयुष्य गेलंय, पुढच्या नोंदींत त्यांचा उल्लेख वारंवार येईल.

११ जानेवारी

पर्याय चार समोर आले. दुसरा चांगला टी-९० शोधायचा. नंतरच्या महिंद्रा जीपमधला चार गिअरचा बॉक्स घ्यायचा, पार्टवाले ज्याला केएमटी-९० म्हणतात तो. प्युजोचा बीए-१०, पाच गिअरचा. किंवा बोलेरोचा एनजीटी, तोही पाच गिअरचा.

ज्याला विचारावं तो पाचवर बोट ठेवतो. बोलेरोचा घ्या, पार्ट कुठेही मिळतात, हायवेला गाडी शांत पळते. पार्ट मिळण्याचं खरं आहे. सोलापूर ते उमरगा, कुठल्याही गावात बोलेरोचा मेस्त्री सापडतो.

म्हणून पाचव्या गिअरचा हिशेब आधी मांडला. मागच्या हौसिंगचं (ॲक्सलचं) झाकण उघडून दाते मोजले: क्राऊन ४३, पिनियन ८, म्हणजे रेशो ५.३७५, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे इतके फेरे. टायर ६.००-१६. टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली, २ मीटर २५ सेंटिमीटर भरले. टॉप गिअर थेट (एकास एक) असेल तर ताशी ६० किमीला इंजिन सुमारे २३९० फेऱ्यांवर येतं आणि ८०ला ३१८५वर. पाचवा गिअर ०.८च्या आसपास धरला तर ८०ला २५५०. फरक मोठा आहे, हे मान्य.

पण ही गाडी ८०ने पळवायची का? ब्रेकला बूस्टर नाही, चारही चाकांना ड्रम, ८० इंचांचा व्हीलबेस. चाचांचं म्हणणं सरळ होतं: "पाचवा गिअर पाहिजे का ब्रेक पाहिजे, ते आधी ठरव." मला पाहिजे तो खालचा गिअर. भरलेली गाडी चिखलातून क्लच न जाळता निघाली पाहिजे आणि उतारावर इंजिनने धरून ठेवली पाहिजे. टी-९०च्या पहिल्याचा रेशो २.७९८ आहे, म्हणजे फारच उंच; आकडा जितका मोठा, तितका गिअर खालचा.

१४ जानेवारी

गड्ड्याची यात्रा सुरू. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे गावातला बाजार बंद, मेस्त्री सुट्टीवर. गाडीखाली टेप घेऊन पडलो. माझ्या मते या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं काम हेच झालं.

ज्यांना हे करायचंय त्यांनी गिअरचे आकडे बघण्याआधी मागच्या हौसिंगकडे बघावं. डाना १८चं मागचं तोंड गाडीच्या मध्यरेषेवर नसतं, उजव्या बाजूला असतं. म्हणून मागच्या हौसिंगचा गोळाही (डिफरन्शियल) उजवीकडे सरकवलेला असतो आणि दोघांना जोडणारा प्रोपेलर शाफ्ट वरून पाहिला तर सरळ जातो. बोलेरोचा बॉक्स टू-व्हील गाडीचा, त्याचं तोंड मध्यावर. त्याला फोर-व्हील करायचं तर थारसारख्या गाडीचा, मध्यावर तोंड असलेला ट्रान्स्फर लावावा लागेल. तो लावला की मागचा गोळा मध्यावर पाहिजे, म्हणजे अख्खं हौसिंग बदलायचं. मग क्राऊन-पिनियनचा रेशो बदलतो, तो पुढच्या हौसिंगशी जुळवायचा. गिअरबॉक्सच्या नावाखाली निम्मी गाडी नवी होते. बोलेरोचा पर्याय इथेच बाद.

आता लांबी. मागचा प्रोपेलर शाफ्ट क्रॉसच्या (टोकाच्या वाकणाऱ्या सांध्याच्या) मध्यापासून क्रॉसच्या मध्यापर्यंत २० इंच. गाडी चारही चाकांवर उभी असताना ट्रान्स्फरचं तोंड पिनियनपेक्षा ५ इंच वर. म्हणजे कोन साधारण साडेचौदा अंश. चेसिस जॅकवर घेऊन मागची चाकं लोंबकळू दिली, तर फरक ८ इंच आणि कोन साडेतेवीसच्या पुढे.

टी-९० हा आखूड बॉक्स आहे. त्याच्या जागी जो येईल तो लांबच असणार आणि जितका लांब, तितका ट्रान्स्फर मागे सरकणार, तितका प्रोपेलर शाफ्ट आखूड होणार. कमांडर किंवा लांब व्हीलबेसच्या जीपला चार-पाच इंच कुठेही मुरतात. ८० इंचांच्या गाडीत मुरत नाहीत.

२० जानेवारी

होटगी रोडला एका गॅरेजमध्ये बीए-१० जमिनीवर ठेवलेला मिळाला, त्याला लागणाऱ्या बेल हाऊसिंगसकट. आमच्या टी-९०च्या मापाशी ताडून पाहिलं. बेल हाऊसिंगच्या तोंडापासून ट्रान्स्फर बसतो त्या तोंडापर्यंत साडेचार इंच जास्त.

२० इंचांचा शाफ्ट साडेपंधराचा होईल. उभ्या गाडीत कोन जवळपास १९ अंश, चाक लोंबकळलं की ३१. आमच्या क्रॉसचे कान तिशीच्या पुढे एकमेकांना टेकतात, हे वेगळा शाफ्ट हातात धरून वाकवून पाहिलं. बांधावरून एक चाक खड्ड्यात गेलं की क्रॉस तुटणार आणि शाफ्ट खाली आपटणार. शिवाय लिव्हर सीटच्या खाली येतो.

बॉक्स चांगला होता, मालक भावही कमी करत होता. तरी सोडला. ज्यांची गाडी एमएम ५४०सारखी लांब आहे त्यांनी बीए-१०चा विचार जरूर करावा, माझ्या गाडीत तो बसत नाही.

टी-९०चा पर्याय अजून जिवंत होता. एक केस बार्शीकडे मिळाली, पण तिचंही काउंटर शाफ्टचं भोक तसंच. दुसरी ज्यांच्याकडे होती ते विकायला तयार नाहीत. जुनी गाडी मूळ स्वरूपात ठेवणाऱ्यांना त्या केसची खरी गरज आहे, माझ्यासारख्या शेतातल्या गाडीला नाही, असं वाटून नाद सोडला.

२८ जानेवारी

चार गिअरचा शोध. भंगारवाल्यांकडे हा बॉक्स बऱ्यापैकी दिसतो, कारण एके काळी खेडोपाडी वडापला चालणाऱ्या जीपमध्ये तो असायचा. एक पसंत केला, दोन हजार ॲडव्हान्स दिला, गाडीत टाकून चाचांकडे आणला.

चाचांनी मागचं टोक पाहिलं आणि तिथेच थांबवलं. वडापच्या गाड्या बहुतेक टू-व्हील. त्यांचा मेन शाफ्ट मागे वेगळा असतो, थेट फ्लँज घेतो. डाना १८ला जो ड्राइव्ह गिअर लागतो तो बॉक्सच्या मेन शाफ्टच्या शेपटावर बसतो आणि नटने आवळला जातो. ते शेपूट या शाफ्टला नाही. मेन शाफ्ट बदलता येतो, पण सुटा फोर-व्हीलचा मेन शाफ्ट मिळणं हे अख्खा बॉक्स मिळण्यापेक्षा कठीण. बॉक्स परत केला, ॲडव्हान्स परत मिळाला नाही.

बॉक्स बघायला जाताना बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. मागचं टोक बघा. ट्रान्स्फर जोडलेला असेल किंवा निदान तो जोडायच्या बोल्टची भोकं आणि स्प्लाइनचं (उभ्या खाचांचं) शेपूट दिसत असेल, तरच पुढचं बोला.

४ फेब्रुवारी

फोर-व्हील जीपचा बॉक्स मिळाला. गाडी अपघातात गेलेली, इंजिन तेच एक्सडीपी. बेल हाऊसिंग, क्लच फोर्क, रिलीज बेअरिंगचा कॅरिअर, लिव्हर, सगळं एकत्र घेतलं, १७,५०० रुपये. नुसता बॉक्स १४,०००ला देत होते. वरचे साडेतीन हजार वाचवण्यात अर्थ नाही. बेल हाऊसिंग दुसरं, फोर्क तिसऱ्याच गाडीचा असं केलं की क्लच कधीच नीट सुटत नाही.

घेण्याआधी जागेवर जे तपासलं ते सांगतो. इनपुट शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर टाकून पाहिला. इनपुटवर आणि मागच्या शेपटावर मार्करची खूण करून फेरे मोजले. पहिल्या गिअरला मागचा एक फेरा व्हायला पुढे चार फेऱ्यांना थोडे कमी लागतात, ३.९ धरला. तिसरा जवळपास टी-९०च्या दुसऱ्याइतका, चौथा थेट. ड्रेन प्लग काढून ऑइल पांढऱ्या फडक्यावर घेतलं. पितळेची चमक होती, लोखंडाचा तुकडा नव्हता. पितळ दिसलं म्हणजे सिंक्रो झिजलेत, ते बदलता येतात. तुकडा दिसला असता तर मी घेतला नसता. केसच्या कानांवर वेल्डिंगची खूण आहे का, तेही नखाने घासून पाहिलं, कारण रंगाखाली ती झाकून टाकतात.

आता ३.९चा अर्थ. ट्रान्स्फरचा लो गिअर २.४६ आणि हौसिंग ५.३७५ धरून पहिल्यात टी-९०ला एकूण ३७ यायचे, आता साडेएक्कावन्न. इंजिन हजार फेऱ्यांवर असताना ताशी ३.६ किमी चालणारी गाडी आता २.६ने चालेल. माणूस शेजारून चालत जाऊन चाकापुढचे दगड बघू शकेल इतकी हळू. मला नेमकं हेच हवं होतं.

लांबी टी-९०पेक्षा पावणेदोन इंच जास्त. मागचा शाफ्ट सव्वाअठरा इंचांचा होईल, कोन उभ्या गाडीत १६ अंश, लोंबकळताना २६. चालेल.

आरटीओचा प्रश्न बरेच जण विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलात फरक पाडणाऱ्या बदलांबद्दल आहे. आमच्या आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, व्हीलबेस आहे आणि यातलं काहीच बदलत नाही. चेसिस नंबर कोरलेल्या भागाजवळ ग्राइंडर न्यायचा नाही, एवढं मात्र पहिल्या दिवशीच ठरवलं.

१० फेब्रुवारी

बॉक्स पूर्ण खोलला. बेअरिंगं सगळी नवी, ४,८०० रुपये. सिंक्रो रिंग २,६००. नवी रिंग गिअरच्या कोनावर दाबून बसवली आणि रिंगचे दाते व गिअरचे दाते यांच्यामध्ये फीलर गेज घातला. एका रिंगला फट जवळजवळ नव्हती, म्हणजे नवी असूनही रिंग खराब. दुकानदाराने बदलून दिली. हे तपासलं नसतं तर महिनाभरात पुन्हा बॉक्स उतरवायची वेळ आली असती.

काउंटर गिअरचे थ्रस्ट वॉशर जुने ठेवायचे का यावर चाचांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं चालतील. मी नवे आणले. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूसाठी पुन्हा अख्खा बॉक्स खाली घ्यावा लागू नये.

ट्रान्स्फरही याच वेळी उघडला. डाना १८मध्ये मधला शाफ्ट आणि त्याच्या नीडल बेअरिंग आधी झिजतात. आवाज येतो तो बहुतेक वेळा तिथून आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात. आमचा शाफ्ट ठीक निघाला, फक्त त्याच्या टोकाची ओ-रिंग बदलली.

१७ फेब्रुवारी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर. दोन कामं होती.

पहिलं बेल हाऊसिंगचं. ते दुसऱ्या गाडीचं, त्यामुळे आपल्या इंजिनवर ते मध्यावर बसतंय का हे पाहायला हवं. हाऊसिंग इंजिनला आवळलं, फ्लायव्हीलवर डायल गेज लावला आणि क्रँक हाताने फिरवला. मर्यादा ०.००५ इंच, म्हणजे सव्वाशे मायक्रॉन. पहिलं वाचन त्याच्या दुप्पट आलं. हाऊसिंग काढून पाहिलं तर डॉवेल पिनच्या भोकात जुना रंग आणि गंज बसलेला. भोक आणि बसायचं तोंड पॉलिश पेपरने साफ केलं, पुन्हा लावलं, वाचन मर्यादेत आलं. दुसरा गिअर निसटण्याचं एक कारण हा वाकडेपणाही असतो, म्हणून नवा बॉक्स लावणाऱ्याने डायल लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. सोलापुरात डायल असलेले लेथवाले भरपूर आहेत, तासाभराचं काम आहे.

दुसरं पायलट बुश, म्हणजे क्रँकच्या भोकात बसून इनपुट शाफ्टचं टोक धरणारा. नव्या बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक जुन्याच्या मापाचं नाही. लेथवाल्या अण्णांनी गनमेटलचा बुश करून दिला. हाऊसिंगचा डायल, बुश आणि मेन शाफ्टसाठी एक स्पेसर मिळून ३,५००.

क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी, ५,२०० रुपये. प्लेट मागताना व्यास फ्लायव्हीलचा आणि स्प्लाइन बॉक्सच्या इनपुटची, दोन्ही सांगावी लागतात. नुसतं गाडीचं नाव सांगून आणली तर ती शाफ्टवर चढत नाही.

२२ फेब्रुवारी

बॉक्स वर चढवला. चेन पुली लावून, दोन माणसं खाली आणि एक वरून लिव्हरच्या भोकातून दोरीने. क्रॉसमेंबर पावणेदोन इंच मागे घ्यावा लागला. चेसिसला वेल्डिंग न करता १० मिमीची प्लेट कापून घेतली, जुन्या भोकांना बोल्ट केली आणि माउंटिंगची नवी भोकं प्लेटमध्ये पाडली. प्लेटचे १,६००. जुन्या चेसिसला वेल्डिंगचा ताप दिला की त्याच रेषेत पुढे तडा जातो, हे शेजारच्या गाड्यांत पाहिलंय. शिवाय बोल्टचं काम उद्या उलटं करता येतं.

ड्राइव्ह गिअर शेपटावर पूर्ण बसेना, म्हणून स्पेसर. त्याशिवाय गिअर ट्रान्स्फरच्या मधल्या गिअरसमोर अर्धाच येत होता. इथे घाई केली तर दाते एका कडेवर चालून खलास होतात. नट आवळल्यावर कॉटर पिन घातली.

या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फरच्या मागच्या तोंडावरच्या ड्रमवर आहे. ट्रान्स्फर मागे गेला की केबल आखूड पडते, तिचं ब्रॅकेट मागे सरकवलं. स्पीडोमीटरला मात्र काही करावं लागलं नाही. त्याचा ड्राइव्ह ट्रान्स्फरच्या आउटपुटवर आहे, त्यामुळे गिअरबॉक्स कोणताही असो, काटा पूर्वीसारखाच खरं सांगतो.

२५ फेब्रुवारी

इंजिन सुरू, क्लच पूर्ण दाबलेला, रिव्हर्स टाकला तर करकर आवाज. पहिल्याला सिंक्रो असल्याने तो कसाबसा जातो, पण गाडी पुढे रेटते. पेडलचा फ्री प्ले बरोबर. रिलीज बेअरिंग पूर्ण पुढे येतंय. फोर्क सरळ.

दोन दिवस क्लचवरच गेले. प्रेशर प्लेटची बोटं मोजली, सारखी. मग चाचांना सुचलं की इंजिन बंद करून, क्लच दाबून धरून, बॉक्स न्यूट्रलला ठेवावा आणि क्रँक हाताने फिरवून बघावा. कव्हरच्या भोकातून पाहिलं तर इनपुट शाफ्ट क्रँकबरोबर फिरतोय. क्लच सुटलेला असूनही. म्हणजे दोष क्लचमध्ये नाहीच, पायलट बुशने शाफ्ट धरलाय.

कारण साधं आहे. बुश क्रँकच्या भोकात दाबून बसवला की बाहेरून आवळला जातो आणि आतलं भोक थोडं लहान होतं. लेथवर शाफ्ट सहज फिरत होता तो बुश सुटा असताना. बसवल्यानंतर पुन्हा मापायला हवा होता, तो मापलाच गेला नाही. बॉक्स पुन्हा खाली. बुश जागेवरच रीमरने दोन-अडीच हजारांश इंच मोकळा केला, शाफ्टचं टोक बोटाने फिरेल इतका. शाफ्टवर निळी शाई लावून तो सगळीकडे सारखा टेकतोय हे पाहिलं, मग बॉक्स वर.

क्लच आता स्वच्छ सुटतो. चार दिवस आणि मजुरीचा एक मोठा हिस्सा या एका बुशात गेला.

५ मार्च

प्रोपेलर शाफ्ट. मागचा पावणेदोन इंच आखूड करून बॅलन्स केला. पुढचा विसरू नका: ट्रान्स्फर मागे गेला म्हणजे पुढचा शाफ्ट तेवढाच लांब लागतो. स्लिप जॉइंट बाहेर ओढून भागवतात, पण मग आत स्प्लाइनची पकड दोन बोटं उरते आणि पुढची चाकं खाली गेली की निसटू शकते. नवी ट्यूब टाकून लांब करून घेतला. दोन्ही शाफ्टचे मिळून २,८००, क्रॉस १,४००.

ऑइल जीएल-४, ८०डब्ल्यू-९०. दुकानात जीएल-५ पुढे करत होते, 'वरचा नंबर आहे' म्हणून. हौसिंगमध्ये जीएल-५ ठीक. सिंक्रोच्या पितळी रिंगांना त्यातले गंधकाचे घटक खातात, म्हणून बॉक्समध्ये जीएल-४च. दोन्ही मिळून १,९०० रुपये.

९ मार्च

नान्नजपर्यंत जाऊन आलो. परत येऊन पातळी पाहिली तर गिअरबॉक्सचं ऑइल खाली गेलेलं आणि ट्रान्स्फरच्या लेव्हल प्लगमधून बाहेर वाहतंय. खाली जमिनीवर एक थेंब नाही. ऑइल मेन शाफ्टच्या मागच्या बेअरिंगमधून ट्रान्स्फरमध्ये जातंय.

हे जुन्या जीपचं जुनं दुखणं आहे. धोका असा की गळती दिसत नाही आणि बॉक्स कोरडा चालतो. ट्रान्स्फर मागे सोडवून घेतला, मागच्या बेअरिंगच्या प्लेटमध्ये ऑइल सील बसवायची जागा होती, ती रिकामीच निघाली. बॉक्स जोडताना सील राहून गेलं होतं. ते बसवलं. स्पेसरचा बाहेरचा व्यास सीलच्या ओठाला नीट लागतोय का पाहिलं आणि तिथे पॉलिश मारली. ट्रान्स्फरचा ब्रीदरही (हवा जायचं भोक) मातीने बंद होता, डिझेलने धुऊन फुंकला. ब्रीदर बंद असला तर गरम झाल्यावर आतला दाब ऑइल कुठूनही ढकलतो, आणि सोलापुरात मार्चपासूनच बोनेटवर हात ठेववत नाही.

१६ मार्च

तुळजापूरला भरलेल्या गाडीने. मागे चार पोती मुद्दाम टाकली होती. हिप्परग्याचा तलाव ओलांडून तामलवाडीपर्यंत चौथ्यात, ५० ते ५५च्या वेगाने. घाटात तिसरा पुरतो. टी-९०ला याच चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाता येत नसे आणि दुसऱ्यात इंजिन ओरडायचं. ती स्थिती थोडीफार आताही आहे, कारण आताचा तिसरा जवळपास तेव्हाचा दुसराच. खरा फरक उतरताना कळला. आता खाली दुसरा आहे आणि तो धरून ठेवतो. उतारावर तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतला, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, लिव्हरवर हात न ठेवता अख्खा घाट उतरलो. निसटला नाही. ब्रेक ड्रम खाली आल्यावर हाताला नुसते कोमट लागले.

ट्रान्स्फरचा हलका गुणगुणाट लो-मध्ये ऐकू येतो, पूर्वीही यायचा. लो टाकायचा तर आधी पुढचं हौसिंग जोडावं लागतं, तशी रचनाच आहे. लिव्हर उलट्या क्रमाने ओढून जाम करणारे पुष्कळ पाहिलेत. या गाडीवर दुसरा कोणी बसणार असेल तर त्याला हे आधी सांगून ठेवा.

२९ मार्च

शेतात पाणी सोडलेल्या वाफ्यातून, टायरच्या अर्ध्यापर्यंत चिखल, लो फर्स्ट. क्लचचा वास नाही. इंजिन हजारावर ठेवून गाडी स्वतःच चालत राहिली.

ऑइल काढून पाहिलं. फडक्यावर थोडी पितळेची चमक, ती नव्या रिंगांची, अपेक्षित. प्लगवर काळसर लेप, तुकडा नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर दोन्हींची पातळी जागेवर.

खर्च, बुडालेल्या ॲडव्हान्ससह आणि ९,००० मजुरी धरून, ५२,३०० रुपये झाला. चांगली केस मिळाली असती तर टी-९० यापेक्षा स्वस्तात उभा राहिला असता. पण पहिला गिअर तोच २.७९८ राहिला असता.

लिव्हर आता पूर्वीपेक्षा मागे येतो. ड्रायव्हर सीट एक इंच उंच केल्यावर गुडघ्याला लागायचा थांबला. जमिनीच्या पत्र्यातली नवी फट रबर शीटने बंद करायची राहिली आहे, तोवर चिखल आत येतो. जुन्या टी-९०चा इनपुट शाफ्ट, वरचं कव्हर आणि शिफ्ट फोर्क चांगले आहेत, तेल लावून गुंडाळून ठेवलेत. केस चांगली पण आतलं सामान गेलेलं, असा टी-९० कोणाकडे असेल तर त्याला हे लागतील.